दोघींचे मौन

माजिवड्याचे ते घर आठवले, की आधी महामार्गावरचे हॉर्न ऐकू येतात. तिथल्या वृद्ध बाई क्वेकर होत्या. पाद्री नाही, गाणी नाहीत; दर रविवारी निव्वळ एकत्र शांत बसण्याची ही ख्रिस्ती उपासना त्यांच्या आजोबांनी नर्मदाकाठी गोऱ्या मिशनऱ्यांकडून घेतली होती. आता मुले परदेशी होती, म्हणून त्यांनी मला, नव्या शेजारणीला, बोलावले.

“एकटीनं गप्प बसणं रोजचंच आहे हो,” त्या हसल्या. “दोघी बसलो, तर प्रार्थना.”

तासभर हॉर्न वाजत राहिले. मला ते मौन पेलेना. मी मनातल्या मनात मौनावरच कविता रचली. शेवटी रीतीप्रमाणे त्यांनी हस्तांदोलन केले. साबणाचा गंध असलेला तो सुरकुतलेला हात माझा हात सोडेना.

“याल?”