दादाचा म्युझिक सर्व्हर

आमची शेती नवीन रायपूरच्या आखणीत गेली, तेव्हा दादा नुकताच रिटायर झाला होता. राज्य वेगळं होऊन दहाएक वर्षं झाली होती. शहराच्या बाहेर रस्तेच रस्ते होत होते. ज्या शेतात आम्ही बहीणभाऊ हिवाळ्यात तिवऱ्याच्या, म्हणजे लाखोळीच्या, कोवळ्या शेंगा खुडून खायचो, ते शेत राजधानीत गेलं आणि मोबदला आला. माझा वाटा मी मुलीच्या शिक्षणाला लावला. दादाच्या वाट्याचं काय करायचं, हेही त्याच्या घरात जवळपास ठरलेलं होतं.

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातलं त्याचं घर अरुंद आणि उंच. खाली फक्त बैठक. स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणी, सगळं वर. मधला जिना इतका उभा की पाहुणे भिंतीला हात लावून चढायचे. वहिनीचे गुडघे तेव्हाच कामातून गेले होते. खालच्या बैठकीतच स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूम करून घ्यायचं, असं दोघांचं बोलणं झालं होतं. मिस्त्री मापही घेऊन गेला होता.

मग दादा एका लग्नासाठी नागपूरला गेला आणि येताना म्युझिक सर्व्हरची ऑर्डर देऊन आला.

त्या वस्तूचं नावही मी तोवर ऐकलं नव्हतं. काळ्या ॲल्युमिनियमचा जड डबा, पुढे एक बारीक दिवा, बाकी काही नाही. घरातल्या सगळ्या सीडी त्याच्या पोटात भरून ठेवायच्या, तो वाय-फायच्या नेटवर्कला जोडायचा आणि हातातल्या टॅबलेटवरून हवं ते गाणं लावायचं. आवाज मात्र वेगळ्या ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमधून येणार. ते दादाकडे नोकरीत असतानाचे होतेच. त्याची किंमत ओटा आणि बाथरूम होऊन वर उरेल एवढी होती.

माझा भाचा, दादाचा एकुलता एक, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. तो फोनवर हिंदीतच बोलतो, मराठी त्याला कळते पण जिभेवर येत नाही. तो म्हणाला, "पापा, ये तो कंप्यूटर ही है. बस डब्बा महंगा है."

"तुले नाही समजणार," दादा म्हणाला.

मिस्त्री पुन्हा आला तेव्हा दादानं त्याच्याकडून बैठकीच्या खिडकीला दुहेरी काच बसवून घेतली. रस्त्यावरून ढोल-ताशे बडवत धुमालवाल्यांची मिरवणूक गेली की घरातली भांडी थरथरत, तो आवाज त्याला खोलीत नको होता. ओट्याचा विषय निघाला नाही. वहिनीनंही काढला नाही. फक्त ती त्या खोलीत बसेनाशी झाली. बाजारातून आली की पिशवी सांभाळत, दम खात, सरळ वर जायची.

रविवारी सकाळी मी बूढ़ापाऱ्यातल्या माझ्या घरून चालत त्याच्याकडे जायचे. दादा मला स्पीकरच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसवायचा आणि स्वतः मागे उभा राहायचा. एखादी विलंबित बंदिश सुरू व्हायची, आणि गवयानं तोंड उघडण्याआधीच्या तानपुऱ्याच्या तारा एकेक सुट्या ऐकू यायच्या. "ऐकून राहिली ना? गवई श्वास घेते, तो ऐक," दादा म्हणायचा. मला तो श्वास ऐकू यायचा. तो पूर्वीही ऐकू यायचा की नाही, हे मात्र मला सांगता येत नव्हतं, कारण पूर्वी मी त्या खुर्चीत अशी गप्प बसलेच नव्हते.

दिवाळीला भाचा आला. जेवणाआधी त्यानं त्याचा लॅपटॉप काढला, त्याची वायर त्याच ॲम्प्लिफायरला जोडली आणि म्हणाला, "पापा, आप दीवार की तरफ मुँह करके बैठो. मैं बदल-बदल के बजाऊँगा. आप बताओ कौन सा क्या है."

त्यात वाईट हेतू नव्हता. वडिलांशी बोलायला त्याच्याकडे दुसरा विषय नव्हता, असं मला वाटतं.

दादा हसत बसला. पहिलं वाजलं. "हा सर्व्हर," तो खात्रीच्या सुरात म्हणाला. तो लॅपटॉप होता. भाच्यानं पुन्हा लावलं. दादानं पुन्हा चुकीचं सांगितलं. मग बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "मले फरक नाही समजून राहिला." त्यानं मान वळवली तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर वहिनी उभी होती. ती जेवायला बोलवायला आली होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"अहो, भात गार होऊन राहिला," एवढंच ती म्हणाली आणि कठड्याला धरून वर जायला लागली.

संध्याकाळी दादा मला सोडायला निघाला. बूढ़ा तलावाच्या कडेनं आम्ही हळू चालत होतो. मीच विचारलं, "काहून घेतला होता रे तो डबा?"

तो काठाशी थांबला. मग म्हणाला, "पैसा आला त्या आठवड्यात मी शेत पाहायला गेलो होतो. बसनं. आपली विहीर कुठं होती तेच मले समजलं नाही. एका पोट्ट्याला विचारलं, तर तो म्हणे, इधर तो रोडच है. त्या पैशाचा ओटा नाही करावासा वाटला मले. टाईल्स लावायच्या, नळ लावायचा... नोकरीभर जे घेतलं ते चालते म्हणून घेतलं. एक तरी वस्तू अशी पाहिजे होती की तिच्यावर दुसरी नाही."

"आणि आज?"

"ते मले पहिल्या महिन्यातच समजलं होतं," तो म्हणाला. "जुन्या सीडी प्लेयरवर लावून पाह्यलं होतं मी, तसंच वाजलं. पण एवढा पैसा लावला म्हणून मी तिथं बसायला लागलो. आधी कधी बसलो होतो?"

 तो मला फाटकापाशी पोचवून परत फिरला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वहिनी जिन्यावरून पडली. पाण्याची घागर घेऊन नव्हे, घाईत नव्हे, नेहमीसारखी उतरताना गुडघ्यानं दगा दिला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण तिला नीट उभं राहता आलं नाही. चार जणांनी खुर्चीत बसवून तिला वर नेलं आणि ती वरच राहिली. दादाला कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. तो स्वतःच चहा करायला शिकला, तिची वेणी घालायला शिकला. वेणी वाकडी यायची.

खाली स्पीकर, वर ती. एक दिवस मी गेले तर वहिनीच्या उशीशी एक छोटा स्पीकर होता, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसला. दादानं खालच्या सर्व्हरवरचं गाणं वाय-फायवरून टॅबलेटवर घेऊन त्यावर लावलं होतं. तिच्या माहेरी, अमरावतीला, नाट्यगीतांचं वेड होतं. दादानं ती सगळी शोधून भरली होती. आवाज पत्र्यातून आल्यासारखा येत होता. वहिनी डोळे मिटून उशीवर बोटांनी ताल धरत होती.

"खाली याच्यापेक्षा चांगलं ऐकू येते," दादा तिला म्हणाला. त्याच्या सुरात माफी होती.

"हव," ती म्हणाली. "पण मी इथं आहे ना."

तेवढ्यात धुमाल आला. वरच्या खिडकीला साधी काच. गाणं त्यात बुडून गेलं, आणि आम्ही तिघं ती मिरवणूक जाईस्तोवर बसून राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली.

सर्व्हर आणखी काही वर्षं चालला. मग एका सकाळी दिवा लागला, पण टॅबलेटला तो दिसेना. नागपूरच्या दुकानदारानं सांगितलं की कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं, आतली डिस्क गेली असेल, आता कुणी उघडत नाही. सीडी दादानं केव्हाच वाचनालयाला देऊन टाकल्या होत्या. भाचा म्हणाला, "पापा, सब ऑनलाइन मिल जाता है, मैं फोन में डाल देता हूँ." त्यानं खरंच सगळं फोनमध्ये भरून दिलं. दादानं ते कधी लावलेलं मी पाहिलं नाही. खोलीत गेलं की तो पेपर वाचत असायचा, दुहेरी काचेमागे, बाहेरची वाहनं मुक्यानं जात असायची.

गेल्या वर्षी त्याच्या जुन्या ऑफिसातला एक तरुण अधिकारी भेटायला आला. मी तिथेच होते. त्याला असाच सर्व्हर घ्यायचा होता, आता आणखी महाग झालेला. दादा त्यातला जाणकार म्हणून कुणीतरी त्याला पाठवलं होतं. टॅबलेटवर फोटो दाखवत तो म्हणाला, "सर, आप बताइए, इतने पैसे लगाना ठीक है? फरक आता है?"

दादानं फोटो नीट पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"घर में कौन-कौन है आपके?" त्यानं विचारलं.

तो माणूस गोंधळला. बायको आहे, म्हणाला, आई आहे, दोन मुली आहेत.

"वो सुनते हैं गाना?"

"पता नहीं, सर. कभी पूछा नहीं."

दादानं टॅबलेट परत दिला आणि चहा आणायला वर गेला. तो माणूस माझ्याकडे बघून कसनुसा हसला. दादाला जिना चढायला आता फार वेळ लागतो, त्यामुळे आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो. चहा पिऊन तो गेला. त्यानं पुढे काय केलं, ते आम्हाला कळलं नाही.