एका नावाचे दोघे

नव्वदच्या दशकात आळेफाट्याला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आमचा पक्षी बघणाऱ्यांचा गट रविवारी पहाटे दुकानापुढंच जमायचा. कुणाच्या तरी जीपनं कधी पिंपळगाव जोग्याच्या धरणावर, कधी तळेघरच्या बाजूला जायचो. परतल्यावर बँकेतून निवृत्त झालेले, गटात सगळे ज्यांना काका म्हणत ते, सहलीचा वृत्तांत लिहीत आणि मी तो टाईप करी. त्यात पक्षी कमी आणि माणसं जास्त असत. प्रत्येकाचं नाव, आडनाव, पुढं गाव. एक प्रत तालुक्यातल्या साप्ताहिकाला जाई. जागा असली की ते छापत.

गटात पिंपरी पेंढारचा एक मेकॅनिक होता. फाट्यावर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हा त्यानं ते कात्रण पान्यांच्या फळीवर चिकटवलं.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ दुकानात आले. डोळे पिवळे, हातात ते साप्ताहिक. बाकावर टेकले, पाणी मागितलं.

"बाई, हे तुम्हीच टाईप केलंय ना? यात माझं नाव आहे. मी तर कावीळ होऊन घरात पडलोय."

ते शिक्षक होते, मेकॅनिकच्याच भावकीतले. नाव, आडनाव, गाव सगळं तेच. शाळेतून आजारपणाची रजा घेतलेली, आणि हेडमास्तरांनी बातमी वाचून निरोप धाडला होता : आजारी माणूस धरणावर काय करतो, ते लेखी कळवा.

मी काकांना बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि चप्पल न काढताच म्हणाले, "चला, मी येतो शाळेत."

मेकॅनिकही ऑइलच्या कपड्यांत निघाला. "मला बघितल्याबिगर हेडमास्तरांना पटायचं न्हाई," तो म्हणाला.

हेडमास्तरांनी दोघांना शेजारी उभं करून नीट पाहिलं, नावं विचारली आणि चहा मागवला. शिक्षकांना चहा वर्ज्य होता, त्यांनी तो मेकॅनिकला दिला. लेखी काही द्यावं लागलं नाही.

पुढच्या सहलीला जीप सुरू व्हायच्या आधी काकांनी प्रत्येकाला विचारलं, "नाव घालू का?"

गटातल्या नर्सबाई म्हणाल्या, "माझं नको. मला ते कधीच नको होतं."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

त्यांच्यामागून एकेकजण नको म्हणू लागला. कारण कुणी सांगितलं नाही, काकांनीही विचारलं नाही. मीसुद्धा नको म्हटलं. मी पुरुषमंडळींबरोबर डोंगरात जाते हे सासरी माहीत होतं, पण ते साऱ्या तालुक्याला कशाला हवं, असं मला पहिल्यापासून वाटायचं. आपलंच नाव टाईप करताना हात थोडा अडायचा.

मेकॅनिक तेवढा म्हणाला, "माझं घाला राव. अन् ग्यारेजचं पण घाला, म्हंजी घोटाळा नको."

त्या वृत्तांतात एकच नाव आलं. काका तो हातात धरून बराच वेळ बघत राहिले. "हा एकटाच जीप घेऊन गेल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले. नावं गेल्यावर कागद भरायला त्यांना पक्ष्यांवरच लिहावं लागलं. शेकाट्याच्या लांब लाल पायांवर त्यांनी अर्धं पान लिहिलं आणि ते चांगलं झालं होतं. साप्ताहिकानं मात्र छापायचं बंद केलं. संपादक काकांना म्हणाले, "लोक नावं वाचतात हो. पाखरांचं कोण वाचतंय?"

बरे झाल्यावर ते शिक्षक एकदा आमच्याबरोबर तळेघरला आले. चढ त्यांना झेपला नाही. भाताच्या खाचराकडेला बसून त्यांनी घिरट्या घालणारा एक सर्पगरुड बघितला, डबा खाल्ला, आणि पुन्हा काही आले नाहीत. मेकॅनिक पुढं कितीतरी वर्षं येत राहिला. दुर्बीण त्यानं कधी घेतली नाही, माझीच मागून घ्यायचा.