फायद्याचं वजन

वंदना मॅडम आज सकाळी गेल्या.
मी त्यांना भर मीटिंगमध्ये खोटारडं ठरवलं होतं.

हे लिहावं की नाही, सकाळपासून विचार करतोय. त्यांच्या घरचे वाचतील. त्यांना कसं वाटेल कोण जाणे. तरी लिहितो.

मी सातवी पास. जिनिंगमध्ये मापारी होतो, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस काट्यावर तोलून द्यायचं काम. आमच्या सोसायटीची चार केंद्रं होती. आमचं गिरड रोडवर.

संचालकांनी ठरवलं, एक बंद करायचं. कामात सगळ्यात मागे असेल ते.

मागे कोण, हे गणितानं मोजायला मॅडम आल्या. अल्लीपूरच्या. कॉलेजात शिकवायच्या.

सरकी काढून रुई आमच्याकडे सगळ्यात कमी निघायची. कारण मीच होतो. मी प्रत्येक गाडी दोनदा तोलायचो. एकदा तोलून मन मानायचं नाही. आकडा चुकला तर? गाड्या अडायच्या, मशिनी रिकाम्या फिरायच्या.

मॅडम चारही केंद्रांवर आठ-आठ दिवस बसल्या. काट्याजवळ खुर्ची टाकून. फार बोलायच्या नाहीत.

शेवटच्या दिवशी मीच विचारलं, "मॅडम, आमचं काय होईन?"

"घाबरू नका काका. मी प्रत्येक केंद्राले त्याच्या फायद्याचं वजन लावू देतो."



फायद्याचं वजन! आमच्या धंद्यात या शब्दांचा एकच अर्थ होतो, काटा मारणं, म्हणजे खोटं वजन दाखवणं. उद्या पकडलं गेलं की नाव मापाऱ्याचंच येणार.

संचालकांच्या मीटिंगमध्ये मी न बोलावता शिरलो.

"साहेब, ह्या मॅडम खोटं वजन लावून राह्यल्या. यायचा रिपोर्ट घेऊ नका."

एक संचालक हसले, "काय मॅडम, कॉम्प्युटरनंबी काटा मारता येते काय?"

अध्यक्ष म्हणाले, "राहू द्या मग रिपोर्ट. रुई कोणाची कमी आहे पाहा, अन् ते बंद करा."

म्हणजे आमचंच. ते मला तेव्हा कळलं. 

मॅडम रागावल्या नाहीत.

"काका, ते वजन काट्यावरचं नाई. कोणत्या कामाले किती महत्त्व द्यायचं, त्याले गणितात वजन म्हणते."

मग संचालकांकडे वळल्या.

"तुम्हाले रुई जास्त पाहिजे. वीज कमी पाहिजे. अन् शेतकरीबी टिकला पाहिजे. हेतू तीन, अन् मोजून राह्यले एकच. मी म्हणतो, प्रत्येक केंद्रानं आपलं चांगलं काम पुढं करावं. त्याच मापानं बाकीच्यायले तोलू. तरीबी दुसरं पुढं निघालं, तर मग बहाणा नाई."

"मग यायचं चांगलं काम कोणतं?" माझ्याकडे बोट दाखवून एका संचालकांनी विचारलं.

"काका दोनदा तोलते, म्हणून आठ दिवसांत इथून एकबी गाडी भांडून गेली नाई. बाकी तीन ठिकाणी रोज वाद."

"भांडण झालं नाई, हे काय उत्पादन झालं काय मॅडम?"

"मग तिकडचे शेतकरी जवळचं केंद्र सोडून इथं काऊन येऊन राह्यले?"

अध्यक्षांनी रिपोर्टसाठी हात पुढे केला.

रिपोर्ट घेतला गेला. दोन केंद्रं पैकीच्या पैकी निघाली, त्यात आमचं एक. बंद दुसरंच झालं. तिथला मापारी माझ्या ओळखीचा होता. त्याचंही वाईट वाटलं.

रिपोर्टच्या शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, गिरड रोडला आणखी एक काटा द्या. तो मिळाला. मग दोनदा तोलूनही गाडी अडेना.

मीटिंग झाल्यावर मी त्यांना गेटवर गाठलं. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मॅडम, चहा घेता?"

"घेतो ना काका."

चहा प्यायल्या, गेल्या.

नंतर कितीदा भेटल्या. बाजारात, लग्नात, एसटीत. दर वेळी वाटायचं, आज बोलावं. दर वेळी वाटायचं, त्या विसरल्या असतील, कशाला आठवण करून द्या.

मागच्या महिन्यात त्या दवाखान्यात असल्याचं कळलं. आजारी माणसापुढे जुनं काढलं तर त्रास होईल, म्हणून गेलो नाही.

त्या मीटिंगमधले दोघं-तिघं इथे फेसबुकवर आहेत. त्यांच्या समोर बोललो होतो, म्हणून त्यांच्या समोरच सांगतो.

मॅडमचा रिपोर्ट खरा होता. मी न समजता बोललो. चूक माझी होती.

मॅडम, उशीर झाला. माझा शेवटचा जय भीम घ्या.