गरनाळ्यातल्या दोन थापा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते थोरल्या बहिणीच्या यजमानांचे, माझ्या दाजींचे. सुरतेत ते टेम्पो चालवायचे. नवागामच्या त्यांच्या एका खोलीत राहून मी बी.एस्सी. झालो, आमच्या घराण्यात पहिलाच. परीक्षेच्या दिवसांत मला दिवा चालू ठेवता यावा म्हणून ते बाहेर ओट्यावर झोपायचे.

त्यांच्याच शब्दावर मला त्यांच्या मालकाकडे नोकरी लागली. कारखान्यांतलं कोरं कापड पर्वत पाटियाच्या गोदामात यायचं. कोणता टेम्पो कोणत्या रस्त्यानं न्यायचा, याचा तक्ता मला करायचा होता. मी तीन रकाने आखले: वेळ, डिझेल, खड्डे. जवळच्या रस्त्याला खड्डे, सपाट रस्ता लांबचा. सगळ्या बाबतींत चांगला असा एक रस्ता काही निघेना. पण एखादा रस्ता दुसऱ्या रस्त्यापेक्षा तिन्ही रकान्यांत वाईट ठरला, तर तो बिनधास्त खोडता येतो. असा एकच निघाला, खाडीकाठचा. रेल्वेखालच्या गरनाळ्यातून, म्हणजे बुटक्या बोगद्यातून जाणारा रस्ता त्याच्याहून तिन्हींत सरस होता. मी खाडीवर लाल रेघ मारली.

दाजी नेमके रोज खाडीकाठानं जायचे. माझ्या तक्त्याला ते पत्रिका म्हणायचे, आणि 'माझं लग्न कोणत्या रस्त्याशी जुळवलंस?' म्हणून मला चिडवायचे. मालकानं मात्र बजावलं, तक्ता मोडेल त्यानं किल्ली ठेवून जावं.

म्हणून एका दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून गरनाळ्याच्या रस्त्यानं निघालो. गरनाळं जवळ आलं तसा त्यांनी टेम्पो हळू केला. पूर्वी इथं त्यांचा म्हातारा क्लीनर उतरून टेम्पोमागे उभा राहायचा. माल वर घासत असेल तर पत्र्यावर एक थाप, म्हणजे थांब. दोन थापा, म्हणजे चल. इथंच तो टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये सापडून गेला. तेव्हापासून दाजींनी क्लीनर ठेवला नव्हता.

आत शिरून त्यांनी टेम्पो थांबवला, इंजिन बंद केलं. बाहेर लख्ख ऊन, आत पाणी ठिबकत होतं. मागे कोणी नव्हतं. मग पत्र्यावर दोन थापा पडल्या. सावकाश, तळहाताच्या.

"तुले आयकू उनं का?" दाजींनी विचारलं.

"नाही दाजी. काहीच नाही."

त्यांनी इंजिन पुन्हा चालू केलं. "मंग मन्हंच डोकं फिरनं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालकाला किल्ली देऊन ते गावी निघून गेले. डोकं फिरलेल्या माणसानं गाडी चालवू नये, एवढंच ताईला सांगून. पंधरा दिवसांनी मी त्यांना पत्र पाठवलं.

"तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

तुमचं डोकं ठिकाणावर आहे. थापा मलाही ऐकू आल्या होत्या. शिकलेल्या माणसानं असलं कबूल कसं करायचं, म्हणून मी खोटं बोललो. मला माफ करा.

तक्त्यात मी चौथा रकाना आखला आहे, चालवणाऱ्याचा भरवसा. त्यात खाडी सगळ्यांच्या पुढे आहे. आता कोणताच रस्ता तिला चारही रकान्यांत मागे टाकत नाही, त्यामुळे लाल रेघ पुसावी लागली. हे कुठून आणलं, असं मालकांनी विचारलं. कानांनी ऐकलं, म्हणालो. त्यांनी तुमची किल्ली माझ्या हातात दिली. ती खोलीत खिळ्याला टांगली आहे. परत या.

बदली ड्रायव्हर परवा गरनाळ्यातून एकटाच गेला होता. 'भाई, पीछे कौन था?' असं मला विचारत होता. त्याला एकच थाप ऐकू आली."