मावशींचा वेगळा कप

हौसामावशी माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये धुणीभांडी करतात. घरातली सगळी भांडी ह्याच घासणार, पण चहासाठी ह्यांचा कप वेगळा, गॅलरीत कुंडीमागे उपडा घातलेला! अंगवळणीच पडलं होतं ते. म्हणून बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला मावशी बाळकुमच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आल्या.

आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळे एकाच प्याल्यातून पितात. मावशींची पाळी आली तसा त्यांनी आपला पेला पुढे केला. "यात ओता, पास्टर. वरूनच."

"मावशी, प्रभूच्या घरी कुणाचं भांडं वेगळं नसतं," म्हणत पास्टरांनी प्याला त्यांच्या हातात दिला. मावशी घोटभर प्यायल्या आणि पदराने प्याल्याची कड पुसायला लागल्या. मला राहवेना. "राहू द्या हो," म्हणत मी प्याला घेतला आणि तिथेच ओठ लावले. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

सोमवारी कामाच्या घरी चहाच्या वेळी बाईंनी त्यांना नेहमीसारखा गॅलरीतला कप आणायला सांगितला. मावशींनी तो आणला, स्वच्छ धुतला आणि ओट्यावर घरातल्या कपांच्या रांगेत मधोमध ठेवला.

"आता यातल्या कुठल्याही कपात द्या," त्या म्हणाल्या.