दादाचं काम

इंग्लंडमधल्या एका विमा कंपनीचं काम मानवतला आमच्या माडीवर आलं, ते माझ्या सख्ख्या भावाच्या हातातून काढून घेतलेलं होतं. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. घरात कळायला वर्षाच्या वर गेलं.

मानवतच्या मुख्य रस्त्यावर अप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, वर माडी. दादा माझ्याहून बराच मोठा. नांदेडला शिकताना त्यानं कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर विकत आणला आणि दुकानाच्या गोदामात हंडे-घागरींच्या मधोमध मांडला. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत घरी आला की मला शेजारी बसवायचा, काहीतरी इंग्रजीत समजावायचा आणि म्हणायचा, ‘‘आता हेच मला मराठीत परत सांग. सांगता आलं तर कळलं.’’ मी अडखळले की हसायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. पुढं तो पुण्याला गेला, तिथून इंग्लंडला. वहिनी तिकडं गेल्या, मुलं तिकडंच झाली. मीही त्याच्याच वाटेनं शिकले आणि पुण्यात एका कंपनीत लागले. माझ्या पहिल्या नोकरीचा आनंद घरात सगळ्यांत जास्त त्यालाच झाला होता. फोनवर तो आईला म्हणाला होता, ‘‘आता आपल्या घरात दोन इंजिनियर झाले.’’

मग आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. मी मानवतला आले ती राहिलेच. तोवर घरून काम करायची पद्धत रुळली होती, कंपनीनं हरकत घेतली नाही. माडीवर टेबल टाकलं, इन्व्हर्टर बसवला, गावातल्या केबलवाल्याकडून इंटरनेट ओढून घेतलं. आमचं काम इंग्लंडच्या वेळेनं चालायचं. दुपारचं जेवण झालं की मी लॅपटॉप उघडायची. आईला खाली काही लागलं तर ती पलंगाच्या लोखंडी दांडीवर तांब्या आपटायची आणि मी जिना उतरून जायची.

एका नव्या कामावर मला घेतलं. विम्याचे दावे तपासण्याची एक जुनी प्रणाली सांभाळायची होती. कंपनी कुठली ते आधी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं अशा कामाची सुरुवात ‘केटी’नं होते, म्हणजे जुन्या माणसानं नव्या माणसाला काम समजावून द्यायचं आणि मग बाजूला व्हायचं. पहिल्या मीटिंगला पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. पुण्यातली माझ्याबरोबरची मुलं, तिकडच्या एक गोऱ्या बाई, एक गोरे गृहस्थ. आणि शेवटच्या चौकोनात दादा.

घरी असला की त्याच्या कपाळावर विभूती असायची. त्या दिवशी कपाळ कोरं होतं. अंगात निळा शर्ट, मागच्या भिंतीवर भाचीनं रंगवलेलं एक घर चिकटवलेलं. त्यानं सगळ्यांना नमस्कार केला, आपण कुठला भाग समजावून देणार ते सांगितलं आणि एकेकाची ओळख विचारत माझ्यापर्यंत आला. मी माझं नाव सांगितलं. तो इंग्रजीत म्हणाला, ‘‘तुम्हाला भेटून आनंद झाला.’’

मीटिंग संपल्यावर आमच्यातल्या एकानं मला विचारलं, ‘‘आडनाव सेम आहे. तुझे कुणी लागतात का?’’

‘‘आमच्याकडं हे आडनाव लय जणांचं आहे,’’ मी म्हणाले.

थोड्या वेळानं दादाचा फोन आला.

‘‘तुला म्हाईत होतं?’’ मी विचारलं.

‘‘पुण्याच्या कंपनीचं नाव कळलं तवाच तुझी आठवण आली होती. पण तिथं हजारो माणसं. म्हणलं, तू नसशील.’’

‘‘दादा, मी दुसरं काम मागून घेते.’’

‘‘येडी हायेस का? तू न्हाई तर दुसरं कुणीतरी घेईल. माझं जायचं ते जायलंच.’’

‘‘मंग तू काय करशील?’’

‘‘बघू की. एक कर, आई-अप्पाला सांगू नको. आधी आईला उठून चालू दे.’’

तरी मी आमच्या मॅनेजरला विचारून पाहिलं. त्यांनी कारण विचारलं आणि मला ते सांगता येईना. ते म्हणाले, एवढी चांगली संधी आहे, लोक रांगेत उभे आहेत. मी काम घेतलं.

पुढं तीन-चार महिने दादानं मला त्याचं काम शिकवलं. त्याच्याइतकं नीट कुणी शिकवलं नसेल. ती प्रणाली त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली होती. कुठं काय बिघडतं, कशाला हात लावायचा नाही, सगळं सावकाश सांगायचा. एक भाग संपला की आमच्यापैकी कुणाला तरी म्हणायचा, ‘‘आता मला परत सांगा.’’ मग माझी पाळी यायची. मी इंग्रजीत सांगायची, तो ‘‘बरोबर’’ म्हणायचा आणि पुढच्याकडं वळायचा.

एकदा तो असाच बोलत असताना खाली आईनं तांब्या आपटला. माझा माईक चालू राहिला होता. ठण् ठण् आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दादा वाक्याच्या मध्येच थांबला. पुण्याच्या मुलांना वाटलं, त्याचं इंटरनेट गेलं. कुणीतरी ‘‘हॅलो, हॅलो’’ म्हणायला लागलं. इंटरनेट गेलं नव्हतं. तो पडद्यावर तसाच बसून होता, मान जरा तिरकी करून, पुन्हा आवाज येतोय का ते ऐकत. मग तो पाणी प्यायला, त्यानं माफी मागितली आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. मी माईक बंद करून खाली पळाले. आईला कूस बदलायची होती. तिला धरून वळवताना मी रडत होते आणि ती विचारत होती, ‘‘कामून रडायलीस माय? दुखायलंय मला, अन् रडायलीस तू.’’

शेवटच्या दिवशी तिकडच्या गोऱ्या बाई बोलल्या, आमच्या साहेबांनी आभार मानले. दादा म्हणाला, प्रणाली जुनी आहे, घाई करू नका, अडलं तर आधी शांत बसून बघा. मग त्याचा चौकोन बंद झाला. उरलेले चौकोन आपोआप मोठे झाले आणि मीटिंग पुढं सुरू राहिली.

त्याला तसलं काम पुन्हा मिळालं नाही. तिकडं सगळ्याच कंपन्या ते बाहेर पाठवायला लागल्या होत्या. मी फोन केला की म्हणायचा, चाललंय. वहिनी एका शाळेत नोकरीला होत्या, त्यावर घर चाललं होतं. एकदा त्याच म्हणाल्या, ‘‘ते आता गाडीवर जातात. तुमी काही विचारू नका, त्यांना आवडत न्हाई.’’

वर्षभरानं, कापूस बाजारात यायला लागला त्या दिवसांत तो एकटाच मानवतला आला. आई तोवर काठी धरून चालायला लागली होती. ती हरखून गेली. दादा वाळला होता, हात राठ झाले होते. आई म्हणाली, तिकडची थंडी लय वाईट. तो हो म्हणाला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अप्पा, काका आणि दादा दुकानात गादीवर बसले होते. मी चहा घेऊन गेले. काका टीव्हीवर पाहिलेलं सांगत होते.

‘‘तिकडची लोकं बोंबलायलेत म्हणं, आमची कामं हिंदुस्थानात चाललीत म्हणून.’’

‘‘बोंबलू द्या की,’’ अप्पा म्हणाले. ‘‘गिऱ्हाईक स्वस्ताकडं जाणारच. माझी गिऱ्हाईकं परभणीच्या मोठ्या दुकानात जायलेत, मी बोंबललो का?’’

‘‘बोंबलला की! दिवाळीला आठ दिवस आमचं डोकं खाल्लं तुमी.’’

सगळे हसले. दादाही हसला. अप्पांना जोर चढला. माझ्याकडं हात करून म्हणाले, ‘‘पण हिला बघा. माडीवर बसून इंग्लंडची कंपनी चालवायली माझी पोरगी. त्यायनी किती वर्षं आपल्याला लुटलं! आता आपली पाळी.’’ मग दादाच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘‘तुझ्या साहेबाला पण सांग, धाडा म्हणावं आमच्या मानवतला अजून काम.’’

दादाच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. तसंच ठेवून तो म्हणाला, ‘‘अप्पा, हिच्याकडं हाय ते काम माझंच होतं.’’

‘‘म्हंजी? तुझ्या कंपनीचं?’’

‘‘माझ्या टेबलावरचं. ते हिकडं आलं अन् मला घरी बसवलं.’’

काकांनी कप खाली ठेवला. अप्पा एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. तेवढ्यात एक शेतकरी जोडपं दुकानात आलं, मुलीच्या लग्नासाठी हंडा हवा होता. अप्पा उठले. एकेक हंडा उतरवून, बोटाच्या पेरानं वाजवून दाखवायला लागले. ती दोघं हंडा घेऊन गेल्यावरही ते उरलेले हंडे पुसत उभे राहिले. आमच्याकडं वळलेच नाहीत.

त्या संध्याकाळी आईनं दादाला जवळ बसवलं.

‘‘मंग आता काय करायलास तिकडं?’’

‘‘गाडी चालवतो. लोकांचं सामान घरोघर पोचवतो.’’

‘‘उन्हातान्हाचा हिंडतोस?’’

‘‘आई, तिकडं कुठलं आलंय ऊन.’’

‘‘पाऊस असंल मंग,’’ आई म्हणाली.

आईनं माझ्याकडं पाहिलं. ‘‘तुला म्हाईत होतं?’’ मी होय म्हणून मान हलवली. तिनं काठी उचलली आणि देवासमोर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी अप्पा जिना चढून माडीवर आले. गुडघ्यांमुळं एरवी ते वर येत नसत. धाप लागली होती. म्हणाले, ‘‘सोड ते काम.’’

‘‘अप्पा, मी सोडून ते दादाला परत मिळणार न्हाई.’’

‘‘कळतंय मला. दुकानदार हाय मी. तरी सोड.’’

हे दादाच्या कानावर गेलं आणि तो माझ्यावरच चिडला. आयुष्यात पहिल्यांदा. ‘‘सोडून काय मिळवणार तू? मला त्यानं बरं वाटंल का? माझं गेलं अन् तुझं पण गेलं, म्हणून मी लाडू वाटू का?’’ मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘तिथं माझ्या शेजारी एक जण बसायचा. गोरा माणूस, लय वर्षं सोबत चहा प्यायलेलो. त्याची पण नोकरी गेली. जाताना मला म्हणाला, तुझ्याच लोकांकडं चाललंय सगळं. मी म्हणलं, अरे, माझी पण गेली की. तर म्हणाला, तुला निदान तिकडं घर हाय. अन् मी हिकडं आलो तर अप्पा म्हणायलेत, आता आपली पाळी. आपली म्हंजी कुणाची? मी कुणीकडचा धरायचा, ते सांग.’’

 

तो जायच्या आदल्या दुपारी मी कामाला बसले होते. दादा माडीवर आला आणि मागं बाजेवर टेकला. त्याच दुपारी प्रणाली अडकली. दावे पुढं सरकेनात, तिकडून निरोपावर निरोप यायला लागले. मी सुचेल ते करून पाहिलं. मागून बाज करकरली. तो उठून माझ्या खुर्चीमागं आला होता. त्याचा हात माझ्या खांद्यावरून कीबोर्डकडं गेला आणि मध्येच थांबला. त्यानं तो मागं घेतला, खिशात घातला.

‘‘दादा, सांग ना.’’

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पडद्याकडं पाठ करून. खाली रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या. त्यांच्याकडं बघत त्यानं काय करायचं ते सांगितलं, एकेक पायरी, तशीच सावकाश, पण या वेळी मराठीत. मी करत गेले. दावे सुरू झाले. तिकडून ‘धन्यवाद’ आलं, माझ्या नावानं.

‘‘झालं?’’ त्यानं विचारलं.

‘‘झालं.’’

‘‘आता पुन्हा मला विचारू नको,’’ तो म्हणाला. ‘‘मला सहन होत न्हाई.’’

आणि तो खाली गेला.

परभणी स्टेशनवर त्याला सोडायला अप्पा आणि मी गेलो. अप्पांनी आईनं बांधून दिलेले धपाटे त्याच्या पिशवीत घातले, पुन्हा काढून दुसऱ्या कप्प्यात घातले. गाडी आली. मी त्याच्या पाया पडले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच उचलला. गाडी हलल्यावर तो दारात उभा होता. अप्पांनी हात केला तेव्हा त्यानंही केला.

काही महिन्यांनी मला दुसऱ्या कामावर जाता आलं. दादाचं काम आता पुण्यातला एक मुलगा बघतो. मी हे दादाला कळवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘बरं.’’ अप्पांनी ‘सोड’ म्हणायचं सोडलं, पण माझ्या नोकरीचा विषय दुकानात कुणापाशी काढत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, ‘‘चाललंय तिचं.’’

दादा गाडीच चालवतो. दर रविवारी घरी फोन करतो, त्यात खंड पडलेला नाही. फोन मी उचलला तर तो माझी तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो. मग म्हणतो, ‘‘आई हाय का जवळ?’’

मी ‘हो’ म्हणते आणि फोन आईकडं देते.