तालीम कुठली?

“पावणं, गाव कुठलं?” हे विचारल्याशिवाय मामांनी आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. नुसतं गाव सांगून भागत नसे. गारगोटी म्हटलं, की गारगोटीत कुणाच्यात, हे यायचंच. ओळख पटली की चपला काढायला लावून आत सोडत. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

मामा लॅबचे शिपाई आणि मी लॅबचा प्रमुख. हे मी त्यांना अधूनमधून ऐकवत असे.

सुरुवातीला आम्हा दोघांचं ज्ञान सारखंच होतं. मशीन अडलं की बंद करून चालू करायचं, तरी अडलं तर बाजूला एक चापट. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे धूळ. पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला असे. आपल्याच माणसांपासून काय लपवायचं? पुढे मी पुण्यात आठवडाभराचा कोर्स केला आणि बिघडलो. दर महिन्याला पासवर्ड बदलू लागलो आणि स्वतःच विसरू लागलो. मामांच्या चौकशीला तर मी अडाणीपणा म्हणायचो. आता धोका दारातून येत नाही, असं एकदा त्यांना शिकवायला गेलो.

“व्हय सर,” ते म्हणाले, “पण येणारा माणूसच असंल की.”

मग एका दुपारी फोन आला. सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय, आत्ता दुरुस्ती केली नाही तर सगळं पुसलं जाईल, असं तो माणूस म्हणाला. तीन वर्षांचे मुलांचे गुण त्या एकाच मशीनवर होते. दुसरी प्रत काढून ठेवा, असं मी वर्गात शिकवत असे. स्वतः काढली नव्हती. माझी पाचावर धारण बसली. तो सांगेल ते बटण दाबत गेलो. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला, तेव्हा मला कंपनीचं कौतुकच वाटलं.

शेजारी उभ्या मामांनी, माणूस ओळखीचा आहे का, असं दोनदा विचारलं. मी हातानेच गप्प केलं. शेवटी त्यांनी फोन काढून घेतला आणि गाव विचारलं. कोल्हापूरच, असं उत्तर आलं.

“कोल्हापुरात पेठ कुठली? तालीम कुठली?”

“कसली तालीम?” असं पलीकडून आलं. कोल्हापुरात पेठेपेठेत कुस्तीची तालीम; पेठेतल्या माणसाला आपली तालीम सांगता येत नाही, हे मामांच्या मते शक्यच नव्हतं. त्यांनी वाकून मशीनचा प्लग उपटला.

गुण वाचले. प्राचार्यांना दिलेल्या अहवालात मी लिहिलं, की लॅबप्रमुखांनी वेळीच धोका ओळखला. मला शाल-श्रीफळ मिळालं आणि मी ते घेतलं.

मामांच्या निरोप समारंभात खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. पण आधी तेच उठले. “मला बोलाय येत न्हाय,” ते म्हणाले. “पण आमच्या सरांनी पोरांचं मार्क वाचवलं, ते मी डोळ्यानं बघितलंय.” टाळ्या पडल्या. माईक माझ्या हातात आला आणि मी आभार मानून खाली बसलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गेल्या महिन्यात मामा गेले. भेटायला गेलो, तर त्यांच्या मुलीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि बसलेल्या पावण्यांना हळूच सांगितलं, “मार्क वाचवल्यालं सर, ते हेच.”

सगळे सरकले आणि मला जागा करून दिली.